पाच गिगाहर्ट्झचा नाद

मे महिन्यात सोलापुरात कम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायला घेणारा माणूस एकतर येडा असतो नाहीतर त्याला पुण्यात भाचा असतो. माझ्या बाबतीत दोन्ही.

भाच्यानं फोनवर सहज विचारलं, मामा तुमचा प्रोसेसर कितीवर चालतो? म्हटलं आय फाइव्ह ९६००के आहे, चालतो की झकास. तर म्हणे, 'के'वाला असून स्टॉकवर चालवताय? हे 'स्टॉकवर', म्हणजे कंपनीच्या मूळ स्पीडवर, त्यानं अशा आवाजात म्हटलं जसं काय मी लग्नाला बनियनवर गेलोय. आता त्या शेवटच्या 'के'चा अर्थ मल्टिप्लायरला, म्हणजे स्पीड ठरवणाऱ्या गुणकाला, कुलूप नाही एवढाच, आणि कुलूप नाही म्हणून आत घुसलंच पाहिजे असं कुठाय? तरी घुसलो.

आमचे अण्णा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे, होते. रिटायर झाल्यापासून घरात कुठलंही मशीन उघडलं की स्टूल घेऊन शेजारी येऊन बसतात. "काय करायलास बे?" म्हणून विचारलं, तर मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं की १०० मेगाहर्ट्झ हा बेस क्लॉक, त्याला मल्टिप्लायरनं गुणायचं, ४३ लावला की ४.३ गिगाहर्ट्झ, ५० लावला की पाच. अण्णांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मोटरची पुली बदलायची. मालकाला कापड जास्त पाहिजे असलं की आम्ही पण बदलायचो. माग पळतो, पण मग धागा तुटतो, आन् शिव्या जॉबरला." माझं अर्ध्या तासाचं लेक्चर त्यांनी दोन वाक्यात गुंडाळलं.

आधी साफसफाई. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरच्या पात्यांमध्ये धूळ बसून बसून अख्खा नॅपकिन तयार झालेला, काठ तेवढे शिवायचे राहिले होते. आमच्या गल्लीत चार घरं सोडून मागाचं शेड आहे, त्यामुळे आमची धूळसुद्धा सुती. ती ओढून काढल्यावर कूलर उचलला, खालची थर्मल पेस्ट वाळून भिंतीवरच्या पुट्टीसारखी झाली होती, ती पुसली, आणि नवी ट्यूब दाबली ती जरा जास्तच दाबली गेली. अण्णांनी माझा हातच धरला. "चुना आहे का तो? जास्त झाला की तोंड पोळतंय." आणि खरंच, वाटाण्याएवढी पुरते म्हणतात, कारण तिचं काम फक्त दोन धातूंच्या मधली बारीक फट भरायचं, थर द्यायचं नाही.

मग बायोस, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा पडदा. सगळे सहा कोर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले सहा मेंदू, एकदम कामाला लावले की माझा प्रोसेसर ४.३ वर चालायचा. नियम असा की एकदम उडी मारायची नाही, शंभर मेगाहर्ट्झ वाढवायचे, प्राइम९५ लावायचं, तापमान बघत बसायचं. हे प्राइम९५ मुळात मर्सेन प्राइम नावाच्या अवाढव्य संख्या शोधणारं सॉफ्टवेअर, पण ते प्रोसेसरचा इतका घाम काढतं की लोक परीक्षा घ्यायलाच वापरतात. ४.५ पास, ४.७ पास, ४.८ ला पंख्याचा आवाज एवढा की खालच्या मजल्यावरून आमच्या काकूंनी विचारलं मिक्सर कधीचा चाललाय.

पण भाच्याला पाच सांगायचं होतं ना.

इथं खरी गोम आहे. स्पीड वाढला की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागतं, आणि उष्णता स्पीडच्या हिशोबानं तर वाढतेच, वर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. माझे १.२ व्होल्टचे १.३५ झाले, स्पीड वाढला सोळा टक्के, उष्णता जवळजवळ दीडपट. त्यात हवेवर चालणारा कूलर खोलीच्या हवेपेक्षा गार काहीच करू शकत नाही, आणि आमच्या स्लॅबखालची खोली रात्री अकरालासुद्धा ३८ डिग्री. मिनिटाभरात आकडा शंभरला टेकला आणि प्रोसेसरनं स्वतःच स्पीड उतरवला. म्हणजे पाचवर लावून मी प्रत्यक्षात ४.४ वर चाललो होतो, भट्टी मात्र फुकट पेटलेली. म्हटलं व्होल्टेज जरा कमी करून बघू, १.३० केलं. निळी स्क्रीन, त्यावर ते रडकं तोंड.

"तुटला धागा," अण्णा म्हणाले.

त्याच्या नंतर तर डिस्प्लेच येईना. पंखे फिरतायत, लाइट लागतेय, स्क्रीन काळी. पोटात खड्डा पडला. मग आठवलं, मेन बंद करून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, सगळं सेटिंग कोरं होतं. तसं केलं, आला परत, पण तारीख दाखवायला लागला १ जानेवारी २०१९. बायको मागून म्हणाली, "तेव्हाच्या भावात सोनं मिळतंय का बघा."

तिलाच मी धीर करून वॉटर कूलिंगचं विचारलं. "अहो, इथं माणसाला नळाला चार-चार दिवसांनी पाणी, आणि तुमच्या कम्प्युटरला रोज?" मी सांगितलं की ते बंद नळीतलं पाणी असतं, तेच तेच फिरतं, वरून भरावं लागत नाही. "मग आधी बाथरूमला बसवा."

शेवटी ४.७ वर थांबलो, १.२५ व्होल्ट, तापमान पंचाऐंशी डिग्रीच्या आत. लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे एडिट करून पक्की फाइल काढायला, दोन तास दहा मिनिटं लागायची, आता दोन तासाला दोन मिनिटं कमी. बारा मिनिटांसाठी आठ रात्री गेल्या, त्याचा हिशोब मी मांडलेला नाही. अण्णांनी कॅबिनेटवर तळहाताची मागची बाजू टेकवली, बेअरिंग बघायचे तशी, थोडा वेळ ठेवली आणि "चालू दे आता" म्हणून झोपायला गेले.

रविवारी भाच्याचा फोन आला. मामा, किती झालं?

"पाच," मी म्हटलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "चार सात बे, चार सात!"