सातबारा सरकारचा, बटाईदार कोण?

फैजपूरच्या चौकातल्या कट्ट्यावर आप्पांनी विषय काढला. "समुद्रातले तेलाचे ब्लॉक परदेशी कंपन्यांना द्यायचेच कशाला? बॉम्बे हाय 1974 मध्ये ओएनजीसीनंच शोधलं ना?"

"आप्पा, लायसन्स म्हणजे सातबारा नव्हे," भाऊसाहेब म्हणाले. "घटनेच्या कलम 297 नुसार समुद्रतळाखालचं खनिज केंद्राचं. कंपनी फक्त बटाईदार."

"मग बटाई कशी ठरली ते सांग."

खरी मेख तिथंच आहे. 1999 पासूनच्या नेल्प या धोरणाखाली ब्लॉक लिलावानं दिले, त्या फेऱ्यांत कंपनीनं आधी खर्च वसूल करायचा, उरलेल्यात वाटणी. त्यातही कंपनीची कमाई गुंतवणुकीच्या जितक्या पट, तितका सरकारचा वाटा वाढणार. खर्च फुगला की सरकारचा वाटा मागे पडला. केळी कापल्यावर खत, ठिबक, मजुरी बटाईदार सांगेल तेवढी आधी वजा करावी, तसं.

"कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला, समुद्रातला गॅसचा ब्लॉक केजी-डी6 बघा," भाऊसाहेब म्हणाले. "खर्चाचा आराखडा 2004 मध्ये 2.4 अब्ज डॉलर, 2006 मध्ये 8.8 अब्ज. रोज 80 दशलक्ष घनमीटर गॅस ठरला होता, 2010 मध्ये 60 च्या आसपास जाऊन उतरायला लागला. सरकार म्हणालं विहिरी कमी खोदल्या, कंपनी म्हणाली खालचा थरच वेगळा निघाला. प्रकरण लवादात गेलं. आणि चालवणारी रिलायन्स, म्हणजे देशीच. ब्रिटिश कंपनी बीपी 30 टक्के हिस्सा घेऊन आली ती 2011 मध्ये."

आप्पा जरा थांबले. नानांनी विचारलं, "मग सुधारलं काय?"

"नेल्पच्या जागी आलेल्या 2016 च्या हेल्प धोरणात थेट उत्पन्नातच हिस्सा. खर्चाची पावती तपासायचं कारणच उरलं नाही. पण विहीर कोरडी गेली की सगळा तोटा कंपनीचा, आणि खोल पाण्यातली एक विहीर शेकडो कोटींची. म्हणून तिथं पहिली 7 वर्षं रॉयल्टी माफ, पुढं 5 टक्के, अतिखोल पाण्यात 2. तरी 2018 च्या पहिल्या फेरीत 55 पैकी 41 ब्लॉक एकट्या वेदांताला गेले. मोठे परदेशी फिरकलेच नाहीत."

"वेदांता तरी देशी का? वरची कंपनी लंडनची," आप्पांनी लगेच पकडलं. मुद्दा रास्त होता. देशी-परदेशी हा शिक्का भागभांडवलाच्या साखळीत हरवतो.

"म्हणून बॉम्बे हायचा मार्ग मला पटतो," भाऊसाहेब म्हणाले. "जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीनं बीपीला तांत्रिक सेवेसाठी निवडलं. करार 10 वर्षांचा, मालकी ओएनजीसीकडंच, बीपीला फी."

"ते ठीक," आप्पा म्हणाले, "पण त्या 10 वर्षांत आपली पोरं जुन्या विहिरींतून तेल काढायची ती विद्या शिकणार का? करारात ते लिहून घेतलंय का, एवढं मला दाखव."