‘अभेद्य’ भोवऱ्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा पहिला आक्षेप असा, की चुंबकीय भोवरा (चुंबकाच्या पातळ थरात अणूंच्या चुंबकी दिशांची गोल फिरणारी रचना) टोपोलॉजीमुळे, म्हणजे न तोडता नुसती वाकवून-ताणून ही रचना पुसता येत नाही म्हणून, ‘अभेद्य’ असतो असं मी मूळ लेखात लिहिलं आणि चार ओळींनंतर तोच भोवरा विजेच्या प्रवाहाने मोडून दाखवला. बरोबर पकडलंत. टोपोलॉजीचा नियम सलग माध्यमाला लागतो. पातळ थर अणूंचा असतो आणि शेजारच्या दोन अणूंमध्ये चुंबकनाची, म्हणजे अणूंच्या चुंबकीपणाची, दिशा उलटू शकते. त्याला बरीच ऊर्जा लागते, पण अमर्याद नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला पटला नाही. तुम्ही म्हणता, ‘प्रवाहाने थर तापतो आणि तापल्यामुळेच भोवरा मोडतो, यात स्पिनचं काय?’ (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा अंगभूत गुण, ज्यामुळे तो इवल्या चुंबकासारखा वागतो.) पर्मलॉयची, म्हणजे निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची, मायक्रॉनभर रुंदीची चकती घ्या. तिच्यात चुंबकन कडेकडेने गोल फिरतं आणि मधोमध, जेमतेम १० नॅनोमीटरच्या गाभ्यात, वर किंवा खाली तोंड करून उभं राहतं. प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की इलेक्ट्रॉनांची स्पिन गाभ्याला ढकलते. गाभा ढकलल्या दिशेने न जाता आडवा सरकतो, म्हणून मध्याभोवती घिरट्या घालू लागतो. प्रवाहाची वारंवारिता गाभ्याच्या स्वतःच्या घिरट्यांशी जुळली (यालाच अनुनाद म्हणतात) की झोपाळ्यासारख्या घिरट्या मोठ्या होतात. वेग वाढेल तसा गाभ्याच्या शेजारी उलट चुंबकनाचा खळगा पडतो. सेकंदाला सुमारे ३०० मीटरच्या आसपास तो इतका खोल होतो, की त्यातून भोवरा आणि प्रतिभोवरा (भोवऱ्याची उलट रचना) अशी जोडी निघते. प्रतिभोवरा जुन्या गाभ्याला भिडतो, दोघेही नाहीसे होतात, सुटलेली ऊर्जा स्पिन-लाटा होऊन पसरते आणि मागे उरतो तो उलट तोंडाचा नवा गाभा. (हे सगळं नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात!) क्योटो विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये गाभा असाच प्रवाहाने उलटवला. आता प्रवाह तेवढाच ठेवून वारंवारिता अनुनादापासून लांब नेली, तर गाभा उलटत नाही. तापणं हेच कारण असतं, तर वारंवारितेशी त्याला काय देणंघेणं? अरुंद पट्टीतल्या स्किर्मिऑनला (भोवऱ्यासारखीच, पण थरात सरकत जाऊ शकणारी चुंबकी गाठ) मात्र प्रवाहाची ऊब खरंच त्रास देते, तेवढं तुमचं मान्य.

राहिली स्किर्मिऑन प्रवाहाबरोबर ‘पाण्यावरच्या पानासारखा’ वाहतो ही माझी उपमा. तीही चुकलीच. पान धारेबरोबर जातं; स्किर्मिऑन तिरका जातो, हे २०१७ मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष पाहिलं. जोर जास्त झाला तर तो पट्टीच्या काठावर आपटून पुसलाही जातो.

मूळ लेखातलं पान काढून टाकलंय आणि ‘अभेद्य’च्या जागी ‘चिवट’ केलंय.