बारच्या अलीकडचे आणि पलीकडचे : ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

ब्रिटनमधल्या स्वस्त साखळी पबांत ग्राहकांना येणाऱ्या अनुभवांवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. प्रतिक्रिया लांबलचक असली तरी तिच्यातले आक्षेप मोजकेच आहेत, आणि ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्या सोयीसाठी ते आधी नोंदवतो. लेख जाहिरातीसारखा वाटतो. अशा पबांत बिअर स्वस्त मिळते कारण ती मुदत संपत आलेली असते. तिथल्या कामगारांच्या वेतनाबद्दल आणि आसपासच्या लहान पबांच्या नुकसानीबद्दल मी अवाक्षर काढलेले नाही. आणि एका पबमध्ये शौचालयासाठी तुमच्या आईंना दोन जिने चढावे लागले, त्या प्रकारच्या तक्रारींची मी एका वाक्यात बोळवण केली. या सर्वांच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे (इथे बार म्हणजे पबमधला पेये देण्याचा काउंटर) : ‘बारच्या पलीकडे आयुष्यात कधी उभे न राहिलेल्या माणसाने ग्राहकांना शहाणपण शिकवण्याच्या फंदात पडू नये.’

आक्षेपांना माझी हरकत नाही, सुराला आहे. ‘दीडशहाणा’ हे विशेषण तुमच्या प्रतिक्रियेत दोन वेळा आले आहे. ते एकदाच आले असते तरी तुमचा अभिप्राय माझ्यापर्यंत पोहोचला असता. माझ्या लेखात मी कोणत्याही ग्राहकाची टिंगल केलेली नव्हती. भारतातून नव्याने आलेली मंडळी अशा पबमध्ये टेबलाशी बसून राहतात, कोणीतरी पाणी आणि मेनूकार्ड घेऊन येईल म्हणून वाट पाहतात, आणि बऱ्याच वेळाने ‘आपल्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले’ असे मनाशी धरून उठून जातात, हे मी सहानुभूतीनेच लिहिले होते. तिथे कोणी येणारच नसते. आपण बारपाशी जायचे, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे आधी द्यायचे आणि पेय स्वतःच्या हाताने घेऊन यायचे, अशी ती रीत आहे. ही रीत समजावून सांगण्यात तुम्हाला ‘आपल्याच लोकांना कमी लेखणे’ दिसले असेल, तर दोष लिहिण्यात आहे की वाचण्यात, हे इतर वाचकांनी ठरवावे.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. खरे तर ते दुर्लक्ष करण्याच्याच योग्यतेचे आहे, पण लेखावर बोलता बोलता तुम्ही लेखकाच्या आयुष्याबद्दल ठाम विधान केलेत, आणि ते धादांत चुकीचे आहे. मी बारच्या पलीकडे उभा राहिलो आहे. विद्यार्थी म्हणून इंग्लंडमध्ये आलो तेव्हा खोलीचे भाडे भागवण्यासाठी अशाच एका स्वस्त साखळी पबमध्ये संध्याकाळच्या पाळीला जात होतो. कोणती साखळी आणि कोणते गाव, हे सांगण्याची गरज मला वाटत नाही. सुरुवातीला रिकामे ग्लास गोळा करण्याचे काम होते. एकात एक असे ग्लास रचत जायचे, तो मनोरा खांद्याला टेकवून गर्दीतून वाट काढायची, आणि तळाला उरलेली बिअर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असताना चेहरा हसरा ठेवायचा. पुढे बारवर उभे राहायला मिळाले, तेव्हा मला ती बढती वाटली होती.

तिथे शिकलेली एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मूळ लेखातल्या तक्रारींशी थेट जोडलेली आहे. शुक्रवारी रात्री ग्लास कमी पडू लागतात. धुण्याच्या यंत्रातून नुकताच निघालेला ग्लास हाताला चटका बसेल इतका गरम असतो, आणि त्यात बिअर ओतली की ग्लासात निम्मा फेसच होतो. मग ग्राहक म्हणतो की माप मारले. त्याचे चुकत नाही. पाईंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. फेस धरून भरलेल्या पाईंटमध्ये निदान ९५ टक्के द्रव असावा, असे या धंद्याच्या संघटनेचे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि ‘जरा वर भरून द्या’ असे म्हणण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. मी लेखात लिहिले होते ते एवढेच की हे शांतपणे म्हटले तर ग्लास लगेच भरून मिळतो. याला तुम्ही ‘ग्राहकाला गप्प बसवणे’ म्हणता. मी तर त्याला कसे मागावे ते सांगत होतो!

दुसरी गोष्ट रांगेची. ब्रिटिश पबच्या बारवर रांग दिसत नाही, पण ती असते. कोण कोणाच्या आधी आले हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि बारमागच्या माणसाला ते चेहऱ्यांवरून लक्षात ठेवावे लागते. (करोनाच्या निर्बंधांनंतर काही पबांत लोक एकामागे एक उभे राहू लागले आहेत आणि जुन्याजाणत्या गिऱ्हाइकांना ते अजून रुचलेले नाही.) वीस पौंडांची नोट हवेत हलवणाऱ्याचा नंबर त्यामुळे लवकर लागत नाही, लागला तर उशिराच लागतो; हे मी स्वतः केलेले आहे, म्हणजे अशा माणसाला जाणूनबुजून थांबवले आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही. तुमच्या मते ही ‘नोकरांची मुजोरी’ आहे. कामगारांच्या हक्कांबद्दल एक शब्दही न काढल्याचा ठपका माझ्यावर ठेवणाऱ्याच्याच प्रतिक्रियेत, चार ओळी अलीकडे, बारवर काम करणाऱ्यांना ‘नोकर’ म्हटलेले वाचून मला गंमत वाटली.

तिसरी गोष्ट नकाराची, आणि ही गंभीर आहे. मूळ लेखात मी ज्या तक्रारींचा उल्लेख केला, त्यांत ‘मला दारू नाकारली’ ही नेहमी आढळणारी तक्रार होती. २००३ च्या लायसन्सिंग कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये नशेत असलेल्या माणसाला जाणूनबुजून दारू विकणे हा गुन्हा आहे. त्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो आणि तो कंपनीच्या नावावर न जाता बारमागे उभ्या असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर येऊ शकतो. दारू विकत घेण्याचे वय १८ आहे, तरी दिसायला पंचविशीच्या आतल्या माणसाकडे ओळखपत्र मागण्याचे धोरण बहुतेक साखळ्या पाळतात, ते याच भीतीने. तिशीतल्या पाहुण्याला पासपोर्ट विचारला म्हणून पाहुण्यासकट सगळे कुटुंब रुसून निघून गेलेले मी पाहिले आहे, आणि तो पासपोर्ट मागणारा मीच होतो. त्या रात्री त्यांनी मला मराठीत जे सुनावले ते मला समजत होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. बारच्या पलीकडे कधी उभे राहिलो नाही असे मला सांगण्याआधी तुम्ही एक प्रश्न विचारला असतात, तर बरे झाले असते.

बिअरच्या मुदतीचा मुद्दा मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, त्यामुळे तो तुमचा स्वतःचा आहे असे मी धरत नाही. परंपरागत कास्क एल ही पिंपातच आंबत राहणारी जिवंत बिअर असते. पिंप फोडले की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत चव उतरू लागते, तळघर कितीही थंड ठेवले तरी. ज्या पबमध्ये दिवसाकाठी मोजकेच पाईंट खपतात, तिथे ते पिंप तीन दिवसांत संपत नाही. जिथे झुंबड असते तिथे ते एका संध्याकाळीही संपू शकते. म्हणजे शिळ्या बिअरची शक्यता कमी खपाच्या पबमध्ये जास्त असते. स्वस्ताईचे कारण वेगळे आहे : शेकडो पबांसाठी एकत्र होणारी खरेदी, टेबलावर येऊन विचारपूस करणाऱ्या माणसाचा अभाव, मध्यवर्ती पुरवठ्यातून तयार किंवा अर्धवट तयार येणारे पदार्थ, आणि उघडल्यापासून रात्रीपर्यंत भरलेल्या खुर्च्या. सेवा वगळली म्हणून किंमत उतरली. त्या वगळलेल्या सेवेचीच तक्रार करणाऱ्या अभिप्रायांना मी लेखात फारसे गुण दिले नाहीत, आणि आजही देणार नाही. गार आलेली चिप्स (म्हणजे फ्रेंच फ्राइज), चिकट टेबल, चुकीची आलेली ऑर्डर या तक्रारी वेगळ्या आहेत. त्या कितीही स्वस्त ठिकाणी रास्तच ठरतात आणि लेखात त्यांना जागा दिलेली होती. तो भाग तुम्ही वाचला नसावा, किंवा वाचून सोयीस्करपणे सोडला असावा.

जाहिरातीच्या आरोपावर थोडक्यात लिहितो. स्वस्त साखळी पबांवर लिहायचे आणि वेदरस्पून या साखळीचे नाव टाळायचे, हे शक्य नाही. टिम मार्टिन यांनी १९७९ मध्ये उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलला तिचा पहिला पब काढला आणि आज तिचे देशभर आठशेच्या आसपास पब आहेत. बहुतेक ठिकाणी संगीत वाजत नाही. जुनी चित्रपटगृहे, बँका, टपाल कार्यालये घेऊन त्यांचे पब केले जातात. टनब्रिज वेल्सला तर जुन्या ऑपेरा हाउसमध्येच पब आहे. आणि २०१७ पासून अ‍ॅपवरून टेबलाशी पेय मागवता येते. ही माहिती आहे. २०१८ मध्ये याच कंपनीने समाजमाध्यमांवरची आपली खाती बंद केली, हेही मी त्याच लेखात लिहिले होते आणि ग्राहकाच्या बाजूने ते मला पटत नाही असेही नोंदवले होते. पैसे घेऊन जाहिरात करणारा माणूस त्यांच्या गुरुवारच्या करीबद्दल मी जे लिहिले ते लिहील का? करीच्या बाबतीत, बहुधा फक्त त्याच बाबतीत, तुमचे आणि माझे एकमत आहे.

वेतनाचा आणि लहान पबांचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा लेख ग्राहकांच्या अनुभवांविषयी होता. प्रत्येक लेखात प्रत्येक विषय आला पाहिजे असा आग्रह धरला तर कोणालाच काही लिहिता येणार नाही. कायद्याने ठरलेले किमान वेतन साखळी पबलाही द्यावे लागते आणि कोपऱ्यावरच्या पबलाही, एवढे सांगून तो विषय मी इथेच सोडतो.

तुमच्या आईंच्या अनुभवाबद्दल मात्र तुमचे म्हणणे मला काही अंशी मान्य आहे. शौचालय शोधत जिने चढण्यावर साखळी पबांच्या गिऱ्हाइकांत विनोद केले जातात, आणि मीही त्याच ओघात त्या तक्रारीवरून पुढे गेलो. जुनी बँक किंवा चित्रपटगृह घेतले की तळमजल्याची जागा बसण्यासाठी हवी असते आणि शौचालये वरच्या मजल्यावर किंवा तळघरात जातात. इमारत वारसा यादीत असेल तर भिंतींना हात लावतानाही परवानगी लागते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे कारण सांगून उपयोग नाही. अशा पबांत अपंगांसाठीचे शौचालय बहुधा तळमजल्यावर असते. ते कुलूपबंद असले तर बारवर विचारले की उघडून देतात. काही ठिकाणी देशभर चालणारी ‘रडार’ नावाची किल्ली त्याला लागते आणि ती विकत मिळते. त्यासाठी चाकाची खुर्ची असलीच पाहिजे असे नाही, आणि विचारायला संकोच वाटण्याचेही कारण नाही. तुमच्या आईंना हे त्या पबमध्ये कोणी आपणहून सांगायला हवे होते. ही माहिती मी या आठवड्यात मूळ लेखात घालतो आहे, तुमच्या टोपणनावाचा उल्लेख करून.

बाकी लेख आहे तसाच राहील. तो काढून टाकण्याची तुमची सूचना मला मान्य नाही. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा ती पबमध्ये तुम्हाला किंवा आईंना आलेल्या अनुभवांवर असावी, मी कुठे उभा होतो आणि कुठे नव्हतो यावर नसावी, एवढी विनंती आहे. ‘दीडशहाणा’ असलेली प्रतिक्रिया यापुढे प्रकाशित होणार नाही.