कोलंबोत पाच लाखांत मर्सिडीज मिळत नाही

माझा भाचा कराडला टुरिस्ट गाडी चालवतो. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, पाच लाखांत मर्सिडीज मिळतेय. पंधरा हजार टोकन भरलंय. बाकीच्यासाठी हिचं सोनं ठेवू का?" पाठोपाठ त्यानं तो मेसेज पाठवला: श्रीलंका कर्जात बुडाली, बँकांनी ओढून आणलेल्या आलिशान गाड्या मातीमोल भावानं निघाल्यात, रामेश्वरमला बोटीनं येतात, कागदपत्रं आम्ही करून देतो, टोकन भरा आणि नंबर लावा.

आधी तो मातीमोल भाव बघू, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. देश बुडाला की तिथलं सगळं स्वस्त, असा आपला समज. श्रीलंकेत नेमकं उलटं झालं. डॉलर वाचवायला सरकारनं मार्च २०२० मध्येच गाड्यांची आयात बंद केली. नवी गाडी येईना, म्हणून रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला. जानेवारी २०२२ मध्ये एएफपी वृत्तसंस्थेनं कोलंबोची बातमी दिली होती. दहा वर्षं वापरलेली टोयोटा लँड क्रूझर तिथे सव्वासहा कोटी श्रीलंकन रुपयांना विकायला होती, बंदीआधीच्या तिप्पट किमतीला. तेवढ्या पैशात चांगल्या वस्तीत घर येत होतं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, पेट्रोलच नव्हतं म्हणून लोकांनी गाड्या काढल्या असतील. पेट्रोल नव्हतं हे खरं. २०२२ च्या जुलैत क्यूआर कोडवर रेशनिंग सुरू झालं आणि मोटारीला आठवड्याला २० लिटर मिळू लागलं. पण विकलेली गाडी पुन्हा घ्यायची कुठून, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक घरात होता.

एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. मार्च २०२२ नंतर डॉलर दोनशे श्रीलंकन रुपयांवरून साडेतीनशेच्या वर गेला, त्यामुळे डॉलर बाळगणाऱ्याला तीच गाडी आधीपेक्षा स्वस्त पडली असणार. तरी त्या लँड क्रूझरचे आपले सव्वा कोटीच्या वरच होतात. पाच लाख कुठून आले? तसाच कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये मात्र २०१० नंतर लोकांनी मोठ्या इंजिनच्या गाड्या पडेल भावात काढल्या, कारण तिथलं कर खातं इंजिन बघून मालकाचं उत्पन्न धरायचं आणि त्यावर कर लावायचं. पण त्यांचं स्टीअरिंग डावीकडे, आणि तसली जुनी गाडी आपल्याकडे आयात करता येत नाही.

बँकांनी ओढून आणलेल्या गाड्या? हप्ता थकलेल्या माणसाची गाडी कर्जापेक्षा दुप्पट-तिप्पट किमतीला जात असेल, तर तो स्वतः विकून कर्ज फेडेल. बँकेच्या दारात कशाला लावेल?

आता बोट आणि कागदपत्रं. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि फक्त मुंबई बंदरातूनच उतरते. रामेश्वरमला बोटीतून उतरलेली गाडी म्हणजे तस्करीचा माल. सीमाशुल्क आणि त्यावरचे उपकर मिळून गाडीच्या किमतीच्या सव्वापटीहून जास्त होतात, जीएसटी वेगळा. शिवाय श्रीलंकेतली आयात उघडली २०२५ मध्ये. म्हणजे तिथल्या गाड्या एकतर पाच वर्षांहून जुन्या, नाहीतर नुकताच जबर कर भरून आणलेल्या. आपल्या नियमात बसणारी आणि वर स्वस्त, अशी गाडी तिथे येणार कुठून?

मग मी भाच्याला फोटो मोठा करून बघायला सांगितला. काळी गाडी, नंबर प्लेट खोडलेली, काचेतून आतली सीट दिसते. "स्टीअरिंग कुठल्या बाजूला आहे?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "डावीकडे." श्रीलंकेत आपल्यासारखंच डाव्या बाजूनं गाडी चालवतात, स्टीअरिंग उजवीकडे असतं. तो फोटो श्रीलंकेतला नव्हताच.

सोनं घरातच राहिलं. पंधरा हजार ज्या खात्यात गेले त्याचा नंबर घेऊन आम्ही त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी टोकन भरलं असेल, तर आधी तो फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात.