‘सहल’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

दख्खनच्या लाव्हाप्रवाहांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : ‘हातोडा घेऊन घाटात फिरणं म्हणजे संशोधन नव्हे, ती सहल. ही कामं आता उपग्रह आणि प्रयोगशाळा करतात.’ शिवाय लाव्हाचं वय चुकलंय आणि एका कड्यावरून मी सगळ्या सह्याद्रीबद्दल बोलते, असंही.

वयाचं आधी. मी ‘साडेसहा कोटी’ लिहिलं होतं, ते सुमारे ६.६ कोटी वर्षं हवं. चूक मान्य, दुरुस्त केली. नीट शब्दांत सांगितलं असतंत तर आभारही मानले असते.

पण सहल?

२१ वर्षं हे डोंगर पायांखाली घालतेय. मे महिन्यात काळ्या कातळाला हात लावून बघा एकदा, मग बोला. एका घाटात रस्त्यासाठी कडा फोडला होता. लांबून एकसंध काळी भिंत, आमच्या नकाशावरही एकच प्रवाह. गुडघे टेकून बुडाशी पाहिलं, तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या, ओळीनं, आत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेलं. अशा नळ्या पाहोएहो, म्हणजे वरून गुळगुळीत किंवा वळ्यावळ्यांच्या लाव्हाप्रवाहाच्या तळाशी सापडतात. वर चढत गेले तर पुरुषभर उंचीवर बारीक पोकळ्यांनी भरलेला थर, त्यावर दोरखंडासारख्या वळ्या आणि त्यांच्यावर पुन्हा त्याच नळ्या! म्हणजे पहिला प्रवाह तिथं संपला होता. संध्याकाळपर्यंत त्या ‘एका’ प्रवाहाचे चार झाले.

लाव्हा आधी पातळ पसरतो, दुधावर यावी तशी त्यावर साय धरते आणि आतून नवा रस येत राहिला की ती साय हळूहळू उचलली जाते. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीच्या उतारांवर अभ्यासकांनी हे घडताना पाहिलंय. आपल्याकडे ते त्या नळ्यांवरून आणि वळ्यांवरून वाचावं लागतं. उभ्या कड्यातली पेन्सिलीएवढी नळी कुठल्या उपग्रहाला दिसते, ते सांगा.

आणि प्रयोगशाळेत दगड आपण होऊन चालत जात नाही हो. कुजलेल्या बेसाल्टमधून, म्हणजे याच काळ्या कातळातून, ज्यावरून वय मोजतात तो आर्गॉन वायू निसटलेला असतो. तो तुकडा यंत्रात घातला तर वय भलतंच येणार, यंत्र कितीही महागडं असो. पहिल्या वर्षी मी आणलेले पोतंभर नमुने वरिष्ठांनी एकेक फोडून आतला हिरवट रंग, म्हणजे कुजल्याची खूण, दाखवला आणि सगळे टाकायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढले. त्या चढणीला तुम्ही सहल म्हणताय.

एका कड्याचा मुद्दा म्हणाल तर लेख मुख्यतः त्या कड्याबद्दलच होता, शीर्षक जरा मोठं झालं असेल. त्यात आत्ता शिरत नाही.

तुम्ही टोपणनावानं लिहिता, मी माझ्या नावानं. दगडाबद्दल काहीही विचारा, उत्तर देईन. ‘सहल’ या शब्दाला मात्र यापुढे देणार नाही.