बादलीने अंघोळ करा म्हणे

आज दादरला एका इमारतीच्या फाटकावर पाणीबचतीचं आवाहन चिकटवलेलं दिसलं. शॉवर टाळा, बादलीने अंघोळ करा, गाडी ओल्या फडक्याने पुसा, पाहुण्यांना अर्धाच पेला द्या. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप थेट फुटपाथवर धो धो सांडत होता. लोक छत्री उघडून खालून जात होते.

सात मजली इमारतीचा पाच हॉर्सपॉवरचा पंप मिनिटाला दोनशे लिटर तरी सहज वर चढवतो. अर्धा तास बंद करायचा राहिला की सहा हजार लिटर गेले. माणशी १३५ लिटर धरले तर चव्वेचाळीस माणसांचं दिवसभराचं पाणी. कारण काय असतं? टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर टाकीतल्या शिडीला अडकलेली असते, किंवा स्विच कधीच जळलेला असतो आणि पंप वॉचमनच्या आठवणीवर चालतो. आता ह्यावर अर्धा पेला उपाय!

राग वॉचमनचा नाही. बिचाऱ्याच्या मागे पार्किंग आहे, कुरिअर आहे, दहा आणखी कामं आहेत. राग ह्याचा येतो की पाणी वाचवणं म्हणजे लोकांच्या मनाला हात घालणं, असं धोरण आखणाऱ्यांनी ठरवूनच टाकलंय.

जरा हिशोब करा. पालिकेचं घरगुती पाणी हजार लिटरला साधारण सहा रुपये. त्यावर मलनिःसारण आकार धरला तर दहा म्हणा. आता घरात जुना दहा लिटरचा फ्लश आहे. माणूस दिवसात पाच वेळा वापरतो, पन्नास लिटर. सहा-तीनचा, म्हणजे मोठ्या बटणाला सहा आणि छोट्याला तीन लिटर सोडणारा, दोन बटणांचा फ्लश लावला तर एकदा मोठा, चारदा छोटा, म्हणजे अठरा लिटर. माणशी बत्तीस लिटर वाचले. चौघांचं घर, महिना, ३,८४० लिटर. रुपयांत? अडतीस! दोन हजारांचा फ्लश टँक वसूल व्हायला चार वर्षांच्या वर.

आणि ते अडतीस तरी तुम्हाला कुठे मिळतात? मीटर सोसायटीच्या फाटकाशी एकच. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचं बिल वाटायचं ते प्रत्येक घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. वापरावर नाही, नळांवर! चाळीस घरांच्या इमारतीत तुमचे वाचलेले अडतीस रुपये सगळ्यांत वाटले जातात, तुमच्या वाट्याला रुपयासुद्धा येत नाही. वापर वाढला की चढा दर लावण्याचं पालिकेचं धोरणही ह्याच फाटकाशी येऊन थांबतं. तळमजल्याचे आजोबा तांब्याने अंघोळ करोत, सातव्या मजल्यावर बाथटब भरो, बिलाला फरक कळत नाही. ती दादरची टाकी सांडली ना, तेही पाणी मीटरमधूनच आलेलं. भरले सगळ्यांनी मिळून, म्हणून दुखलं कोणालाच नाही.

मग म्हणतात, घरोघरी मीटर लावा. लावा की! पण आपल्या जुन्या इमारतींत घरात पाण्याची एक लाइन येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराचा डाउनटेक, म्हणजे खाली उतरणारा पाइप, वेगळा, बाथरूमचा वेगळा, संडासचा वेगळा. दोन बाथरूम असतील तर एका घराला चार-पाच मीटर. शिवाय साधा फिरत्या चक्रीचा मीटर अगदी बारीक प्रवाहाला हलतच नाही, म्हणजे कमोडमध्ये रात्रंदिवस झिरपणारी धार, जी खरी चोर, ती नोंदलीच जात नाही. वरच्या मजल्यावर आधीच दाब कमी, मीटरने तो आणखी कमी होतो, आणि मग तिथलं कुटुंब पहिल्या सभेत मीटर काढायला लावतं. जुन्या इमारतींत हे अवघड आहे, कबूल. पण रोज नवे टॉवर उभे राहतायत, तिथे प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये एका घराला एकच लाइन आणि तिच्यावर मीटर, हे ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, देण्याआधी तपासायला काय अडचण आहे? नुसत्या नियमाने काही होत नाही. पर्जन्यजल संधारण २००२ पासून हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या प्लॉटना सक्तीचं केलं, २००७ मध्ये मर्यादा तीनशेवर आणली. खड्डे खणले गेले, कागद जमा झाले. पुढे किती खड्ड्यांतला गाळ कोणी काढला, हे तुमच्याच सोसायटीत विचारून बघा.

एरेटरचंही तेच. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळी. बेंगळुरूने मार्च २०२४ मध्ये मोठ्या इमारतींना, मॉलना ते सक्तीचे केले, लगेच इथेही ‘मुंबईत कधी?’ सुरू झालं. चांगलीच गोष्ट आहे, पण कुठे लावायचा हे आधी सांगा. बादली भरायच्या नळाला एरेटर लावून थेंबही वाचत नाही, बादली तेवढीच भरते, फक्त दुप्पट वेळ लागतो. बचत होते ती बेसिनला आणि भांड्यांच्या सिंकला, जिथे नळ वाहता ठेवून काम चालतं. तिथे मिनिटाला दहा-बारा लिटरचे चार-पाच होतात. आता दाब. टाकीपासून दर मजला खाली उतरलं की साधारण तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बारने वाढतो (बार हे दाबाचं माप). दहा मजले खाली तीन बार, सगळ्यात वर जेमतेम अर्धा. रबरी रिंगवाला, दाब सांभाळणारा एरेटर साधारण एक बारच्या पुढे नीट चालतो. तो वरच्या मजल्यावर लावलात तर सुतासारखी धार येणार, आणि बाई दुसऱ्याच दिवशी पान्ह्याने काढून ठेवणार. तिची चूक नाही, तिला आणखी तीन घरची भांडी आहेत. आणि जुन्या पितळी तोटीला पुढे आटेच नसतात, तिथे एरेटर बसणार कशाला? पावसाच्या सुरुवातीला जाळीत गाळ अडकतो, ती उलटी फिरवून काढायची, व्हिनेगरमध्ये तासभर बुडवायची, जुन्या टूथब्रशने घासायची. हे कुठल्या पोस्टरवर आहे?

फ्लशचंही एक सांगून ठेवते. जुन्या पॅनवर नुसता सहा-तीनचा टँक बसवू नका. पॅन तेवढ्यात साफ होत नाही, माणूस दोनदा बटण दाबतो, आणि आडव्या ड्रेनेज लाइनचा उतार कमी असेल तर चोकअप वेगळाच. टँक आणि पॅन जोडीने बदलावे लागतात. तोपर्यंत निदान वायसर तपासा. रात्री टँकमध्ये कपड्यांची निळ थोडी टाका, वीस मिनिटं कोणी फ्लश करू नका. पॅनमध्ये निळं उतरलं तर खालचा वायसर गेला. बोअरच्या पाण्याने तो लवकर कडक होतो.

‘आधी पालिकेने गळती थांबवावी’ असं कोणीतरी लिहिणारच. बरोबर आहे, थांबवावी. पण म्हणून दुकानात दहा लिटरचा टँक अजून का विकला जातो? कमी पाण्याच्या कमोड-नळांसाठी आयएस १७६५० हे मानक २०२१ मध्येच आलंय. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, कमोड घेताना फक्त रंग बघतो. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प रोज वीस कोटी लिटरचा. इथे नुसत्या तीस लाख माणसांचे फ्लश बदलले तर साडेनऊ कोटी लिटर निघतात, ना वीज, ना मिठाचं पाणी परत समुद्रात. आणि आरओचं काय? ज्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली, तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. आपलं तलावांचं पाणी त्याच्या कितीतरी खाली. तरी घरोघरी एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत!

एक मात्र वाटतं. वस्तीत सकाळी पाचला उठून सार्वजनिक नळावर हंडे लावणाऱ्या बायकांना ही पोस्टर दाखवू नयेत. तिथे माणशी ४५ लिटरचा हिशोब वर्षानुवर्षं चालत आला. अंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला, हे त्यांना शिकवायला कोण जाणार?

बाकी आपल्यापैकी ज्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत आहे, त्यांनी विषयपत्रिकेवर दोन विषय आत्ताच लेखी द्या. एक, गच्चीवरच्या आणि खालच्या, दोन्ही टाक्यांना पाण्याची पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर, आणि ओव्हरफ्लोचं तोंड फुटपाथवर नाही, वॉचमनच्या केबिनसमोर. दोन, पाण्याचं बिल नळांवर न वाटता माणशी वाटायचं. हा उपविधीतला बदल आहे, हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं लागतील आणि वर निबंधक कार्यालयाची मंजुरी. भाडेकरूंची संख्या लपवणारे आरडाओरडा करतील, त्यांची तयारी ठेवा.