दिवे मालवल्यानंतर

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मी २०१५ च्या एप्रिलमध्ये ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, तेव्हा नौपाड्यातल्या मित्राच्या खोलीत माझ्या पहिल्या लघुपटाचे संकलन चालू होते. आजही नवी संहिता हाती घेतली की मी आधी तो चित्रपट पाहतो.

व्हेनिसचा पुरस्कार आणि सुवर्णकमळ यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते त्या चित्रपटातल्या थांबण्याविषयी.

नारायण कांबळे या लोकशाहिराचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली, असा आरोप आहे. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. झुरळ बाहेर आले म्हणजे आत हवा आहे असे समजून नवरा गटारात उतरत असे, हे ती सपाट आवाजात सांगते. अशा जागी आपल्यापैकी बहुतेकांनी कॅमेरा तिच्या डोळ्यांपर्यंत नेला असता आणि मागे सारंगी लावली असती. मी तर नक्कीच लावली असती. ताम्हाणे आणि छायाचित्रकार मृणाल देसाई तिला त्या खोलीतल्या इतर माणसांमध्येच उभी ठेवतात, त्यामुळे तिचे दुःख आणि त्या दुःखाशी काही देणेघेणे नसलेले कामकाज आपल्याला एकाच वेळी पाहावे लागते.

गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली सरकारी वकील कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. ती बाई मला ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज दिसते. तिला खलनायिका ठरवण्याची सोय दिग्दर्शक आपल्याला ठेवत नाही, आणि म्हणूनच तिने कोर्टात केलेला युक्तिवाद अधिक भयंकर वाटतो. ती कुटुंबासह पाहते त्या नाटकाचा प्रसंग मात्र मला किंचित उघड वाटतो. तिचे विचार आपल्याला तोवर कळलेलेच असतात.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात आणि अंधार राहतो. चित्रपट संपला असे वाटून माझ्या शेजारचे गृहस्थ उठले होते. त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात, बाकावर त्यांना डुलकी लागते, मुले ओरडून त्यांना जागे करतात आणि हाती लागलेल्या एका मुलाला ते थोबाडीत मारतात. गृहस्थ उभ्याउभ्याच पाहत राहिले.

त्या रात्री मी खोलीवर जाऊन माझ्या लघुपटातला कळव्याच्या चाळीतला प्रसंग पुन्हा उघडला. आईचा शेवटचा संवाद संपताच मी तो कापला होता. कापलेल्या भागात 'कट' ऐकू न आल्यामुळे ती अभिनेत्री फडके पिळून ओटा पुसत राहिली होती, मग गॅसची शेगडी, मग पुन्हा ओटा. मी तो तुकडा होता तसा परत जोडला आणि त्याखालचे संगीत काढून टाकले.